गच्चीवर पस्तीस माणसांचं रस्सा-भाकरीचं जेवण : आचारी की आपणच?

बावड्याची_सूनबाई
मंडळी, सल्ला हवाय. कोल्हापुरात, कसबा बावड्यात घर बांधलं, वास्तुशांत गोडाधोडाची यथासांग झाली. आता ह्यांच्या ऑफिसमधले, माझ्या शाळेतल्या मैत्रिणी आणि दोन्हीकडचे पाहुणे एकच धोशा लावून बसलेत, "आमचं तांबडं-पांढरं कधी?" एकूण पस्तीस माणसं. त्यात सात-आठ पोरं, चार शाकाहारी आणि तिखटाला भिणारे दोन पुणेकर. जागा म्हणजे आमची गच्ची. वर नळ आहे, पण जिना अरुंद.

हे म्हणतात आचारी सांगू. सासूबाई म्हणतात घरच्या रश्श्याला परका हात कशाला. माझं दुखणं वेगळंच आहे. घरी कार्यक्रम असला की मी अख्खा वेळ स्वयंपाकघरात, आणि पाहुणे निघताना दारात भेटतात. ह्या वेळी मलाही बसायचंय चार घटका. मटण किती, भाकऱ्या कुणी करायच्या, ताटं कसली, डासांचं काय, सगळं सांगा. डिसेंबरातला एखादा रविवार डोक्यात आहे.

पेठेतला
वहिनी, पत्ता तेवढा टाका. बाकीचं आम्ही बघतो की.

तिथीवार
डिसेंबर म्हणताय खऱ्या, पण दिनदर्शिका काढा आधी. डिसेंबरचा बराचसा भाग मार्गशीर्षात जातो. गुरुवार धरणाऱ्या बायका कैक घरांत महिनाभर मटणाला शिवत नाहीत. तुम्ही शाळेतल्या मैत्रिणी बोलावणार आणि त्या दही-भात मागणार. पौष लागू दे, जानेवारीतला रविवार धरा. तोही संकष्टी-एकादशी बघूनच.

उद्यमनगरकर
सोमवार महादेवाचा, मंगळवार-शुक्रवार अंबाबाईचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. कोल्हापुरात मटण खायला बुधवार आणि रविवार एवढेच उरलेत, तरी दुकानापुढची रांग हटत नाही. देव दयाळू आहे.

वारणाकाठ
हिशेब सांगतो. कच्चं हाडासकट मटण मोठ्या माणसाला दोनशे ते अडीचशे ग्रॅम. पोरांना निम्मं. म्हणजे तुम्हाला सहा ते सात किलो पुरेल. शाकाहारी चौघं वजा करूनही सात घ्या, कारण मंडळी आपली आहेत.

मटणाचा हिशेब चुकला तरी निभावतं, रश्श्याचा चुकला तर नाही. आपल्याकडे मटण मोजून वाढलं तर कुणी काही म्हणत नाही, पण रस्सा मोजला की यजमानाची अब्रू गेली. दोन्ही मिळून माणशी अर्धा ते पाऊण लिटर धरा. पांढरा पिणारे तो ग्लासानं पितात हे विसरू नका. त्यामुळे सगळं मटण आधी भरपूर पाण्यात हळद-मीठ-आलं-लसूण घालून शिजवायचं, अळणी, म्हणजे ते मटणाचं पाणी, मोठ्या पातेल्यात काढून घ्यायचं आणि त्याचे तांबड्याला आणि पांढऱ्याला असे दोन वाटे करायचे. फोडी सुक्याला. पोरांसाठी थोडं अळणी तसंच बाजूला ठेवा, भातावर घालून गप जेवतात.

भात माणशी ऐंशी ग्रॅम तांदूळ पुष्कळ झाला. तो शेवटी, आणि कमीच खपतो. भाकऱ्या मोठ्या माणसाला दोन धरून वर दहा-पंधरा जास्तीच्या.

अनघा_कोथरूड
एवढा आटापिटा कशासाठी? केटरर सांगा, येतो, मांडतो, वाढतो, भांडी घेऊन जातो. तुम्हाला पाहुण्यांशी बोलायचंय ना? मग पैसे टाकून वेळ विकत घ्या. आम्ही सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये हेच करतो, कुणाला काही वावगं वाटत नाही.

पेठेतला
@अनघा_कोथरूड ताई, क्लबहाऊसमध्ये पनीर असतंय. ते कुणीपण करतंय.

काकी_मंगळवारपेठ
सूनबाई, मी सांगतो ते ऐक. सासूबाईंचं अर्धं बरोबर, नवऱ्याचं अर्धं बरोबर. रस्सा घरचाच करायचा, भाकरी बाहेरची. सत्तर भाकऱ्या घरातल्या बाईनं थापायच्या म्हणजे त्या दिवशी ती जेवणार नाही आणि दुसऱ्या दिवशी तिचा खांदा उचलणार नाही. भाकऱ्या करणाऱ्या मावशी मिळतात, दोघी लागतील. त्यांना चूल किंवा शेगडी, दोन तवे, परात आणि बसायला नीट जागा द्यायची, आणि त्यांना आधी जेवायला वाढायचं. हे शेवटचं विसरतात लोक.

पीठ आदल्या दिवशी दळून आण. किलोला दहा-बारा भाकऱ्या होतात, त्या मानानं घे. पीठ जुनं झालं, विरी म्हणजे चिकटपणा गेला, की भाकरी थापताना चिरते आणि मग मावशींच्या नावानं खडे फोडतात. झाल्या की बुट्टीत स्वच्छ धडप्यात गुंडाळून ठेवायच्या. स्टीलच्या डब्यात बंद करशील तर घाम सुटून लगदा होईल.

आता पांढरा. अळणी आधी गाळून घे. नारळाचं दुसरं, पातळ दूध आणि खसखस-काजूचं वाटण आधी घालून उकळव. जाड दूध अगदी शेवटी. ते पडलं की आच बारीक आणि डाव थांबवायचा नाही. पातेल्याच्या कडेला बारीक मोत्यासारखे बुडबुडे धरायला लागले की लगेच उतरवायचं. खळखळ उकळी आली की फुटलाच म्हणून समज. वरून साजूक तुपात मिरी-लवंग-दालचिनीची फोडणी. सहा-सात नारळ फोडावे लागतील, ते सकाळीच फोडून घे. गरम ठेवायचा तर पातेलं मोठ्या घमेल्यात गरम पाण्यात ठेव, परत विस्तवावर चढवू नको.

वारणाकाठ
काकींना दंडवत. कडेच्या बुडबुड्यांवर अगदी बोट ठेवलंत.

मध्यरात्रीचा_वाचक
एवढ्या रात्री हा धागा वाचायला नको होता. फ्रिजमध्ये दोडका आहे.

जुना_रस्सामंडळी
सगळे मटणावर घसरलात. तिनं विचारलंय काय, की मला पाहुण्यांत बसता कसं येईल. त्याचं उत्तर कोल्हापुरात कधीपासून तयार आहे.

आमचं रस्सा मंडळ होतं. तालमीतली आणि गल्लीतली पोरं मिळून. कधी भोगावतीच्या काठी, कधी कुणाच्या मळ्यात, उसाच्या बांधाला. तिथं यजमान असा कुणी नव्हताच. एकानं कांदा, एकानं लसूण सोलायचा, एकानं जाळ सांभाळायचा, दोघांनी पाणी. ज्याला काहीच येत नाही त्यानं खोबरं भाजायचं, आणि ते करपलं की वर्षभर ऐकून घ्यायचं. ताट-वाटी-तांब्या ज्याचा त्यानं घरून आणायचा आणि आपला आपण धुऊन न्यायचा. कांदा चिरता चिरताच निम्म्या गप्पा व्हायच्या. जेवण हे निमित्त.

तेव्हा सूनबाई, पाहुण्यांना साडेआठला जेवायला बोलावू नका. साडेपाचला कामाला बोलावा. पाहुण्याला काम सांगायला आपण लाजतो, पण हातात काम नसलेला पाहुणाच जास्त अवघडतो. नुसता कठड्याला टेकून मोबाइल बघत उभा राहतो. त्याच्या हातात लसणाचा गड्डा द्या, लगेच घरचा होतो.

अनघा_कोथरूड
पाहुण्यांना बोलावून लसूण सोलायला लावायचा?? आमच्याकडे पुन्हा कुणी यायचं नाही!

जुना_रस्सामंडळी
@अनघा_कोथरूड आमच्याकडं लसूण सोलायला न सांगितलेला माणूस रुसतो. "मला परका समजला काय?" म्हणून.

निशिगंधा_एस
दोघांचंही पटतंय. ऑफिसच्या साहेबांना कांदा देता येत नाही, पण सरबत करायला, पोरांना आवरायला, गाणी लावायला सांगता येतं. वाढायला तर कुणालाही. मी कामांच्या चिठ्ठ्या करते आणि आल्या आल्या उचलायला लावते. "पाण्याचे जग भरत राहणे", "आजीजवळ बसून तिला काय हवं-नको बघणे", "बुट्टीतल्या भाकऱ्यांवर लक्ष", "रिकामी ताटं एका जागी". पोरांनाही चिठ्ठी. सगळ्यात मन लावून काम पोरंच करतात.

उद्यमनगरकर
"बाटली उघडणे" अशी चिठ्ठी आहे का? मित्रासाठी विचारतोय.

काकी_मंगळवारपेठ
आहे की. "जिना उतरून घरला जाणे."

पेठेतला
काकी, काटा किर्र!

निशिगंधा_एस
हसण्यावारी नेऊ नका. बाटली घेऊन बसणाऱ्यांचा कोपरा नंतर ठरवू म्हटलं की ताटं थांबतात, भाकऱ्या गार होतात आणि बायका ताटकळतात. घरात चालत नसेल तर आमंत्रण देतानाच सांगून टाकायचं. चालत असेल तर वेळ बांधून द्यायची, आठला पंगत म्हणजे आठला.

स्लॅबवाला
साइटवरचा माणूस आहे, म्हणून चार शब्द गच्चीबद्दल.

चूल थेट फरशीवर मांडू नका. उष्णतेनं फरशी तडकते, खालचं वॉटरप्रूफिंग जातं आणि पावसाळ्यात बेडरूममध्ये ठिबकायला लागलं की चुलीवरच्या मटणाची आठवण येते. विटांचे दोन थर, वर वाळू किंवा माती, मग चूल. वाऱ्याची दिशा बघून, मांडवाच्या कापडापासून लांब. शेजारी पाण्याच्या दोन बादल्या आणि वाळूचं घमेलं. भाड्यानं आणायच्या मोठ्या भट्टीचं रेग्युलेटर वेगळं असतं, घरच्या सिलिंडरचं त्याला लावायचं नाही. सिलिंडर उभाच ठेवायचा आणि नळी चालण्याच्या वाटेत नको.

पाण्याचा दोनशे लिटरचा बॅरल भरला की दोनशे किलो. तो गच्चीच्या मधोमध नको. खाली भिंत किंवा कॉलम असेल अशा कडेला ठेवा.

आणि अरुंद जिना. उकळता रस्सा हातात घेऊन जिन्यावरून कुणीही चढायचं नाही, पैज लावली तरी नाही. एक तर शिजवायचं वरच, नाही तर झाकणाला कडी असलेल्या डब्यांतून थोडं थोडं न्यायचं. जिन्याला दिवा आहे ना ते आजच बघा. कठड्याची उंची पोरांच्या मानानं बघा, आणि खुर्च्या कठड्याला लावून मांडू नका. पोरं पहिली त्यावर चढतात.

बावड्याची_सूनबाई
@स्लॅबवाला ह्यांना वाचून दाखवलं. चूल गच्चीच्या मधोमधच मांडायची ठरवून बसले होते. आता गप्प आहेत.

शेंगदाणा_चटणी
त्या चार शाकाहारी मंडळींपैकी एक मी असू शकते म्हणून लिहिते. (नाही, मला बोलावलेलं नाही.) "तुमच्यासाठी पनीर केलंय हं" असं सगळ्यांदेखत ओरडून सांगू नका. अख्खा मसूर करा, भाकरीबरोबर झकास लागतो आणि मटण खाणारेही त्यावर हात मारतात, तेव्हा चौघांचा करायचा तर दहा जणांचा करा. कृष्णाकाठची वांगी मिळाली तर भरलं वांगं. भांडं वेगळं, डाव वेगळा, आणि तो डाव मटणाच्या पातेल्यात जाणार नाही ह्यासाठी एक माणूस. चिठ्ठीत टाका हवं तर. वाढायची सुरुवातही आमच्यापासून करा, म्हणजे वाढप्याचा हात लागलेला नसतो.

वारणाकाठ
पुणेकरांसाठी : ब्याडगी मिरचीनं रंग येतो, संकेश्वरीनं घाम. तांबड्याला रंगापुरती चटणी घालायची आणि वरचा कट, म्हणजे तिखट तवंग, वेगळा काढून ठेवायचा. ज्याला हवा त्यानं ओतून घ्यावा. दही-कांदा भरपूर.

पेठेतला
हे काय बोलताय? चटणीत हात आखडून तांबडा करायचा? मग टोमॅटो सूपच द्या की.

काकी_मंगळवारपेठ
चटणी कुठली वापरणार त्यावर आहे ते. उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेली घरची कांदा-लसूण चटणी असली तर चमच्याचं काम अर्ध्या चमच्यात होतं. बाजारच्या पुडीचं तसं नाही, ती नुसती लाल.

तिथीवार
घरच्या चटणीत सुकं खोबरं किती घालता काकी? आमच्याकडे ते जास्त झालं की पावसाळ्यात खवट वास येतो.

काकी_मंगळवारपेठ
खोबरं खमंग भाजून घ्यायचं, ओल राहू द्यायची नाही, आणि बरणीत वरून दाबून भरायची. ओला चमचा घालणाऱ्याला घराबाहेर काढायचं.

अनघा_कोथरूड
पुणेकर म्हणून नोंदवते की आम्हीही तिखट खातो. कट वेगळा ठेवा, पण ठेवा.

हिरवी_पत्रावळ
ताटांबद्दल कुणी बोललंच नाही. थर्माकोलची ताटं आणि वाट्या महाराष्ट्रात 2018 पासून बंद आहेत, 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या बऱ्याच प्लास्टिक वस्तू देशभर बंद झाल्या. तरी लक्ष्मीपुरीच्या बाजारात कुणी हळूच काढून दिलीच तर घेऊ नका. पळसाच्या पत्रावळ्या मिळतात, अंगणात पंगतीला छान.

उद्यमनगरकर
पत्रावळीत सुकं ठीक आहे. द्रोणात रस्सा वाढला तर निम्मा पोटात, निम्मा पँटवर. गच्चीवर वारा असतो, रिकामी पत्रावळ शेजाऱ्याच्या टाकीवर जाते ते वेगळंच.

निशिगंधा_एस
भांडी भाड्यानं देणाऱ्याकडून स्टीलची ताटं आणि खोलगट वाट्या आणा. माणशी दोन वाट्या, तांबड्याची आणि पांढऱ्याची. मोजून घ्यायच्या, मोजून द्यायच्या. घासायला एक बाई ठरवा आणि खरकट्यासाठी झाकणाची बादली जिन्याजवळ ठेवा. हाडं सिंकमध्ये गेली तर दुसऱ्या दिवशी प्लंबर.

पंगत की बुफे, ह्यावर माझं मत : दोन्ही. गुडघेदुखीवाल्यांना टेबल-खुर्ची, बाकीच्यांना जाजमावर पंगत. उभ्यानं रस्सा पिणं हा काही आनंद नाही. एका हातात ताट, एका हातात वाटी, भाकरी मोडायची कशानं?

डबेवाली_डॉक्टर
मधेच रसभंग करते, माफ करा. नारळाचं दूध घातलेला पांढरा लवकर खराब होतो. शिजवलेलं मटण असो की रस्सा, उघड्यावर दोन तासांच्या वर ठेवू नका. एक तर वाफाळता ठेवा, नाही तर गार करून फ्रिजमध्ये. उरलेला रस्सा अख्खं पातेलं झाकून रात्रभर ओट्यावर ठेवतात, सकाळी उकळून घेतात आणि मग सोमवारी माझ्याकडे येतात. लहान, पसरट भांड्यांत काढा, वाफ गेली की लगेच फ्रिजमध्ये. त्याहून बरं म्हणजे पाहुण्यांना रिकामा डबा घेऊनच यायला सांगा आणि भरून द्या. कच्चं मटण ज्या पाटावर चिराल त्यावर कोशिंबिरीची काकडी नको.

पेठेतला
रस्सा उरतोय? कुठल्या गावात?

रंकाळ्याचा_वारा
डासांसाठी : अगरबत्त्यांच्या धुरानं माणसंच उठून जातात. दोन मोठे पंखे जमिनीच्या बाजूला, पायांकडं तोंड करून लावा. डास वाऱ्यात टिकत नाहीत, आणि ते पायांनाच जास्त चावतात. मोठा पांढरा दिवा जेवणाच्या डोक्यावर नको, किडे रश्श्यात पडतात. तो लांब कोपऱ्यात, जेवणावर पिवळसर मंद दिवे. थंडीत रात्री दव पडतं, तेव्हा वर कापड ताणा आणि जाजमाखाली ताडपत्री. म्हाताऱ्यांना शाली.

आणि आवाज. रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर बंद, हा नियम 2000 सालापासून आहे. पण त्याच्याही आधी शेजारी आहेत. दोन्ही बाजूच्यांना आमंत्रण द्या, नाही आले तर पांढऱ्याचा डबा पाठवा. तक्रार करणाऱ्याचं तोंड आधीच गोड, म्हणजे तिखट करून ठेवायचं.

जुना_रस्सामंडळी
@रंकाळ्याचा_वारा पंख्यांची वायर जाजमाखालून नेऊ नका एवढं जोडतो. पाणी सांडतं.

बावड्याची_सूनबाई
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. घरात बैठक झाली, ठरलं ते सांगते. जानेवारीतला रविवार, तिथी बघून. मटण साडेसात किलो. भाकऱ्यांना दोन मावशी मिळाल्या, त्या वर चुलीपाशी बसतील. रस्सा सासूबाई आणि मी खाली करणार, वर नेणार कडीच्या डब्यांतून, आणि पांढऱ्यात जाड दूध वर गेल्यावरच घालणार, म्हणजे हिंदकळून फुटायला नको. स्टीलची ताटं, अख्खा मसूर, चिठ्ठ्या. चिठ्ठ्यांची कल्पना सासूबाईंना इतकी आवडली की त्यांनी पहिली स्वतःच लिहिली : "सूनबाईला साडेसातनंतर स्वयंपाकघरात पाऊल ठेवू न देणे." ती ह्यांना निघायला हवी, नाही तर काढून देऊ.

केटरर नाही @अनघा_कोथरूड, पण वाढायला आणि आवरायला दोन मुलं पैसे देऊन सांगतोय. तुमचं तेवढं ऐकलं.

एकच उरलंय. मटण सकाळी आणावं की आदल्या दिवशी?

अनघा_कोथरूड
दोन मुलं म्हणजे अर्धा केटरर झाला. मी जिंकले असं समजते.

वारणाकाठ
सकाळीच. पण रविवारी रांगेत उभं राहून साडेसात किलो मागाल तर मागची माणसं बोलतील. शुक्रवारीच सांगून ठेवा, पालव्याचं, म्हणजे कोवळ्या बकऱ्याचं द्या म्हणावं, आणि सातच्या आत घ्या. शिजायला, अळणी निवायला, वाटणं करायला वेळ लागतो. घरी आणलं की रश्श्याची वेळ होईपर्यंत फ्रिजमध्ये.

काकी_मंगळवारपेठ
आणि तिथं स्वतः उभी राहा, फोनवर सांगू नको. सुक्याचे तुकडे लहान, नळ्या वेगळ्या बांधून दे म्हणायचं. नळ्या अळण्यात सोडायच्या. चरबी सगळी काढू देऊ नको, तांबड्यावर तवंग कशाचा यायचा मग? खिमा अर्धा किलो वेगळा घे, पोरांना लागतोय.